कोरड्या तलावावरची ग्राशी

ग्राशी टोलमन आयुष्यात विमान चालवायला शिकली नाही, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत विमानात बसलीसुद्धा नव्हती. तरी उत्तर नेव्हाडातले निदान तीसेक वैमानिक तिला विचारल्याशिवाय कार्व्हर तलावावर चाक टेकवत नसत. त्यांतला एक मी. मी गुरांचा डॉक्टर. इकडे एका गोठ्यापासून दुसरा गोठा साठ-सत्तर मैलांवर, म्हणून माझं जुनं दोन आसनी विमान हीच माझी गाडी होती.

कार्व्हरला आम्ही तलाव म्हणतो, पण दहा वर्षांतून एखाद्या वर्षी त्यात पाणी असतं. एरवी नऊ मैल लांब आणि चार मैल रुंद अशी पांढरी, सपाट, भेगाळलेली जमीन. ग्राशीचं घर दक्षिणेच्या काठावर. तिचा बाप फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातून आलेला बास्क मेंढपाळ. तो दर वसंतात हजारभर मेंढ्या घेऊन हा तलाव ओलांडायचा, आणि सात वर्षांच्या ग्राशीला घोड्यावर बसवून पुढे पाठवायचा. कारण साधं होतं. घोडा कुठे रुततो ते कळलं की मेंढ्या दुसरीकडून न्यायच्या.

"म्हणजे बापाने तुला बळी द्यायलाच पुढे धाडलं होतं की!" मी एकदा म्हणालो.

"घोडा महाग होता रे," ती म्हणाली. "तो रुतला असता तर बापाला खरं दुःख झालं असतं."

तिचं बोलणं असं. नवरा ड्वेन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर माती सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवायचा. त्र्याऐंशी साली कामावरच त्याचं हृदय बंद पडलं. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांनी, एका ऑक्टोबरात, माझ्या इंजिनात बिघाड झाला म्हणून मी तिच्या घरासमोर तलावावर उतरलो. दुरुस्ती होईपर्यंत तिने मला मेंढीच्या मटणाचा रस्सा, लाल मिरचीचा घेवडा आणि घरचा पाव वाढला. मी ते चार ठिकाणी सांगितलं. पुढच्या महिन्यात चार जण विमानं घेऊन जेवायला आले. वर्षभरात दर रविवारी ग्राशीच्या पडवीत लांब टेबल लागायला लागलं.

जेवणाआधी प्रत्येक जण फोन करायचा. "ग्राशी, तलाव कसा आहे?"

तिला ते कळायचं, आम्हाला कळत नव्हतं. कोरडा तलाव वरून सगळा सारखाच दिसतो. पण काही ठिकाणी तो सिमेंटसारखा घट्ट असतो आणि काही ठिकाणी वर बोटभर जाडीचा पापुद्रा आणि खाली लोण्यासारखा चिखल असतो. माणूस चालत गेला तर पापुद्रा मोडत नाही. विमानाच्या चाकाखाली मोडतो. पाऊस इथे पडायलाच हवा असंही नाही. तीस मैलांवरच्या डोंगरात ढग फुटला की तिसऱ्या दिवशी त्याचं पाणी जमिनीखालून तलावाच्या उत्तर टोकाला येतं, आणि वर कडक ऊन असतं. काठाजवळची फुगीर, खारट माती तर कायमचीच फसवी.

ग्राशी शनिवारी सकाळी ड्वेनच्या जुन्या पिकअपमधून निघायची. शंभर-दीडशे पावलांवर थांबायची, खाली उतरायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून पहार सोडायची. पहार दोन बोटं रुतली तर ठीक. चार बोटं रुतली तर ती जागा सोडून द्यायची. मग पिकअप जोरात पळवून मागे वळून चाकांचा ठसा बघायची. टाचेने ठोकून आवाज ऐकायची. पोकळ आवाज आला की तिचा चेहरा आंबट व्हायचा.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात तिचा डावा गुडघा फार सुजला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी तिने तलावाची दक्षिणेकडची अर्धी बाजू नेहमीसारखी तपासली. अर्ध्यावर आल्यावर गुडघ्यातून अशी कळ आली की तिला पिकअपचा क्लच दाबवेना. समोरची जमीन मागच्या आठवड्यासारखीच पांढरी आणि कोरडी दिसत होती. घरी चुलीवर दोन मेंढ्यांचं मटण चढलं होतं, बारा माणसं येणार होती. ती कशीबशी परत फिरली.

संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येक फोनला तिने तेच सांगितलं. "सगळा पक्का आहे. या."

रविवारी वारा दक्षिणेचा होता. म्हणजे उत्तरेकडून येऊन घराच्या दिशेने उतरायचं. विमानवाल्यांत सगळ्यात आधी मी पोचलो; रस्त्याने आलेले दोघे-तिघे आधीच पडवीत बसले होते. मी घराजवळच, अगदी शेवटी, चाक टेकवलं, कारण मला पडवीपर्यंत चालायचा कंटाळा होता. जमीन उत्तम होती. माझ्या मागे दहा मिनिटांवर हार्लन क्विस्ट होता. हार्लनचं रीनोमध्ये हार्डवेअरचं दुकान. अठ्ठावन्न वर्षांचा, नीटनेटका, सावध माणूस. सोबत त्याची तिशीची मुलगी नेटा होती. रेडिओवर त्याने विचारलं, "कसं आहे खाली?"

मी म्हणालो, "टेबलासारखं सपाट! ये लवकर, पाव गरम आहे."

मी उतरलो होतो ती जागा टेबलासारखी होती. बाकीचा तलाव मी पाहिलाच नव्हता. पण बोलताना मी "इथे" असं म्हणालो नाही.

हार्लन खाली येऊ लागला. आम्ही पडवीतून पाहत होतो. दुपारचे बारा वाजलेले, सावली कुठेच नाही, सगळीकडे एकच पांढरा रंग. अशा वेळी वरून जमीन किती खाली आहे हे डोळ्याला उमगत नाही. माझा अंदाज असा की आपण अजून पन्नास फूट वर आहोत असं त्याला वाटत असणार. प्रत्यक्षात त्याची चाकं टेकली ती घरापासून पाच मैलांवर, उत्तरेच्या अर्ध्यात.

धुळीचा लोट उठला. मग तो एकदम थांबला, आणि त्यातून विमानाची शेपूट सरळ वर गेलेली दिसली. इतक्या लांबून आवाज आला नाही. शेपूट क्षणभर तशीच उभी राहिली आणि पलीकडे पडली.

ग्राशीच्या हातात पावाची परात होती. तिने ती टेबलावर ठेवली, पिकअपच्या किल्ल्या घेतल्या आणि मला म्हणाली, "ताडपत्री घे. आणि पाणी. कुणीतरी आत जाऊन अँब्युलन्सला फोन करा."

चार मैल आम्ही वाऱ्यासारखे गेलो. पुढे पिकअपची चाकं जड व्हायला लागली. ग्राशीने तिथेच गाडी थांबवली, नाहीतर तीही अडकली असती. उरलेलं अंतर आम्ही पळत गेलो. ती सुजलेला गुडघा घेऊन पळत होती आणि माझ्या पुढे होती. विमानाने पापुद्रा फोडला होता तिथे पाय घोट्यापर्यंत रुतत होते. विमान पालथं पडलं होतं, चाकं आकाशाकडे, आणि पंखातून पेट्रोल ठिबकत होतं. नेटा पट्ट्यात उलटी लटकत होती आणि शांतपणे सांगत होती, "मी ठीक आहे. बाबांना पाय हलवता येत नाहीयेत. त्यांना ओढू नका."

पेट्रोलचा वास इतका होता की हार्लनला आत ठेवणं शक्य नव्हतं. मी आयुष्यभर गाई-घोडे हलवले आहेत, पण असा जखमी माणूस कधी हलवला नव्हता. दार काढून त्याचीच फळी केली, मान धरली, आणि इंचाइंचाने त्याला बाहेर घेतलं. मग त्याच्यावर ताडपत्री धरली. अँब्युलन्स रस्त्याने यायला दोन तास लागले. दोन तास ग्राशी एक कोपरा धरून उभी होती. मी म्हणालो, "बस जरा, मी धरतो." तिने नकाराची मान हलवली. हार्लन शुद्धीवर होता. तो एवढंच म्हणाला, "जमीन अचानक आली." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

पाठीचा एक मणका मोडला होता आणि डावं मनगट. मज्जारज्जू तुटला नव्हता. तो चालू शकेल, पण किती आणि कधी, हे डॉक्टर सांगत नव्हते.

नऊ दिवसांनी ग्राशी कुणाच्या तरी गाडीतून माझ्याकडे आली. केस विंचरलेले, चर्चला जायचा निळा झगा घातलेला. "मला रीनोला ने. माझ्याने क्लच दाबवत नाही."

वाटेत माझ्या मोटारीत तिने मला गुडघ्याचं आणि अर्ध्या तलावाचं सांगितलं. माझ्या तोंडावर आलं होतं की रेडिओवर मीही त्याला ये म्हणालो होतो. पण मी रस्त्याकडे बघत राहिलो.

हॉस्पिटलात ती हार्लनच्या खोलीत गेली आणि मी दाराबाहेर थांबलो. दार उघडंच होतं. नेटा खिडकीपाशी बसली होती.

ग्राशी म्हणाली, "क्विस्टसाहेब, मी त्या दिवशी अर्धाच तलाव पाहिला होता."

हार्लनला मान वळवता येत नव्हती. छताकडे बघत त्याने विचारलं, "फोनवर काय म्हणालात तुम्ही मला?"

"सगळा पक्का आहे, असं म्हणाले."

"का?"

"गुडघा दुखत होता. आणि मटण चढवलं होतं."

मग हार्लन म्हणाला, "मटण चढवलं होतं." आवाज वाढला नव्हता. "बाई, माझी पोरगी होती शेजारी. जा तुम्ही इथून."

ती बाहेर आली. नेटा तिच्या मागोमाग आली, लिफ्टपर्यंत चालत गेली, आणि लिफ्टचं दार बंद होताना म्हणाली, "आलात ते बरं केलंत." एवढंच. परतीचे पावणेदोनशे मैल ग्राशी खिडकीतून बाहेर बघत बसली.

त्यानंतर तिने रविवारचं टेबल बंद केलं. फोन वाजला तर उचलायची, पण तलावाचं विचारलं की म्हणायची, "मला माहीत नाही," आणि ठेवून द्यायची. मला वाटलं होतं की मग लोक येणंच सोडतील. तसं झालं नाही. लोक न विचारता यायला लागले. कुणी जुन्या आदिवासींच्या बाणांची दगडी टोकं शोधायला, कुणी गरम झऱ्यावर अंघोळीला, कुणी नुसतंच विमान उभं करून फोटो काढायला. जुलैत एकाचं चाक काठाच्या फुगीर मातीत बसलं. ऑगस्टमध्ये एक जण उतरला बरोबर, पण दुपारच्या शंभर फॅरनहाइटच्या वरच्या उष्णतेत विरळ हवेत विमान उचलेना. नऊ मैलांपैकी सात मैल पळून ते कसंबसं उठलं. ग्राशी खिडकीतून हे बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

सप्टेंबरात मी तिच्या घोड्याचे दात बघायला गेलो. काम झाल्यावर स्वयंपाकघरात कॉफी घेताना म्हणालो, "ग्राशी, लोक थांबत नाहीत. तू सांगितलंस तर निदान कुठे उतरू नये हे तरी कळेल."

"मी सांगितलं तेव्हा काय झालं ते पाहिलंस ना?"

"पाहिलं. मीही सांगितलं होतं. रेडिओवर. टेबलासारखं सपाट आहे म्हणालो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि हे तू मला आत्ता, सप्टेंबरात सांगतोयस?"

"हो."

"हॉस्पिटलच्या दाराबाहेर खांबासारखा उभा होतास तेव्हा नाही सुचलं?"

"सुचलं होतं. धीर झाला नाही."

"शाबास रे डॉक्टर," ती म्हणाली आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. रागावली होती, पण कप भरला. मग बाहेर तलावाकडे बघत म्हणाली, "मला एक कळत नाही. त्याला दिसलं कसं नाही? उत्तरेची माती थोडी तपकिरी होती. मी नंतर जाऊन पाहिली ना. कुणालाही कळलं असतं. तुम्हा लोकांना डोळे नाहीत का?"

"वर चल," मी म्हणालो. "वरून बघ."

"माझे पाय जमिनीवर बरे आहेत."

पण दोन दिवसांनी तिचा फोन आला. "गुरुवारी ये. मी तलाव बघून ठेवते." स्वतःच्या एका उड्डाणासाठी तिने बुधवारी सगळा तलाव तपासला. दोन्ही अर्धे. सहा तास. मी गुरुवारी उतरलो तेव्हा पिकअपच्या चाकांच्या रेघा वहीच्या पानासारख्या आखलेल्या होत्या.

विमानात बसताना तिने डोक्याला रुमाल बांधला आणि जपमाळ मुठीत घेतली. उडताना डोळे मिटले होते. दोनेक हजार फुटांवर गेल्यावर मी म्हणालो, "बघ आता."

तिने डोळे उघडले. आधी घर बघितलं, मग घोड्याचा वाडा. "माझं छप्पर गंजलंय की रे," म्हणाली. मग तलावाकडे वळली.

"तुझी तपकिरी माती दाखव मला," मी म्हणालो.

तिने खूप वेळ शोधलं. उत्तरेला एक ओलसर पट्टा होता, तिने कालच पहारीने पाहिलेला. तिला जागा माहीत होती, डोंगराच्या खुणा माहीत होत्या, तरी तो सापडेना. ढगाची सावली सरकत होती. सावली कुठली आणि ओल कुठली हे कळत नव्हतं.

"आता उतरतोय," मी म्हणालो. "चाकं टेकणार असं वाटेल तेव्हा 'आता' म्हण."

तिने दोन्ही हातांनी समोरची कड धरली. पांढरं वर येत होतं. "आता!" ती ओरडली. आम्ही तेव्हा तीस-चाळीस फूट वर होतो. मी इंजिन वाढवलं, गोल फिरलो, पुन्हा आलो. या वेळी ती जपून बसली होती. "अजून आहे... अजून बरंच आहे..." आणि चाकं धाडकन टेकली. विमान एकदा उसळलं. तिची जपमाळ पायाशी पडली.

मी विमान थांबवलं. ती बराच वेळ उतरली नाही.

"वरून तर हे नुसतं दुधाचं पातेलं आहे," ती म्हणाली. "मी खाली बसून तुम्हाला सांगायचे, पिवळट भाग टाळा, भेगा मोठ्या असतील तिथे उतरा. तुम्ही हो हो म्हणायचात."

"हो म्हणायचो."

"एकालाही सांगता आलं नाही की बाई, आम्हाला यातलं काही दिसत नाही?"

वैमानिक असं कबूल करत नाहीत, एवढंच खरं.

त्या हिवाळ्यात तिने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. एप्रिलमध्ये ती कामाला लागली. काउंटीच्या गॅरेजमागे ट्रकच्या जुन्या टायरांचा ढीग पडलेला असे. ड्वेनचे सोबती तिला नाही म्हणणं शक्य नव्हतं. तिने सत्तर टायर आणवले आणि तपासलेल्या पट्टीच्या दोन्ही कडांना, चाक लागणार नाही इतक्या दूर, ओळीने आडवे ठेवले. पांढऱ्यावर काळे. वरून येणाऱ्याला जमीन कुठे आहे ते त्यांच्यावरून कळावं म्हणून. जेवढी जमीन पहारीने पाहिली तेवढ्याच भागात टायर. त्यापुढे एकही नाही. आणि जमीन ओली असली की ती घराजवळ, शिवून जोडलेल्या पोत्यांची भलीमोठी फुली पसरायची, म्हणजे उतरू नका.

टेबल पुन्हा लागलं. फोनवरचं बोलणं मात्र बदललं. आता ती सांगायची, "शनिवारी सकाळी आठ ते अकरा बघितलं. घरापासून दीड मैलापर्यंत टायर आहेत. तेवढंच बघितलंय. त्यानंतर पाऊस झाला असेल तर मला माहीत नाही." एकाने चेष्टेने म्हटलं, "ग्राशी, वकिलाकडे नोकरी धरलीस का?" ती म्हणाली, "नाही. पण तुझं नाव लिहून घेतलंय. तुझ्या बायकोला काय कळवायचं ते आत्ताच सांगून ठेव."

जूनमध्ये एक निळी स्टेशन वॅगन धूळ उडवत आली. नेटा चालवत होती. शेजारून हार्लन उतरला, काठी टेकत. तेरा महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. विमान त्याने पुन्हा घेतलंच नव्हतं. पडवीतले आम्ही सगळे उठून उभे राहिलो. ग्राशी दारात आली.

हार्लन म्हणाला, "मी माफ केलंय असं समजू नका. जेवायला आलोय."

"रस्सा आहे," ग्राशी म्हणाली. "बसा."

तो जेवला. घेवडा दोनदा घेतला. कुणाशी फारसं बोलला नाही. जेवण झाल्यावर काठी टेकत काठापर्यंत गेला आणि हात डोळ्यांवर धरून टायरांकडे बघत उभा राहिला. ग्राशी त्याच्या शेजारी, दोन हात अंतरावर.

"हे सकाळी दिसत असतील," तो म्हणाला. "दुपारी धुळीने राखाडी होत असणार. मग काय उपयोग?"

"होतात. मी झाडते."

"सत्तर टायर झाडता?"

"तुम्हाला काही दुसरं सुचत असेल तर सांगा."

तो वळला. गाडीपाशी गेला आणि मागचं दार उघडलं. आत भडक नारिंगी रंगाचे बारा डबे होते, आणि ब्रश. म्हणजे तो आधीपासूनच ठरवून आला होता. टायरांचं त्याला कुणी सांगितलं हे मी नेटाकडे बघून ओळखलं. ती दुसरीकडे बघत होती.

त्या दुपारी आम्ही आठ जणांनी टायर रंगवले, एक काळा ठेवायचा आणि एक नारिंगी करायचा. हार्लनला वाकता येत नव्हतं. तो उलट्या बादलीवर बसून मी टायर फिरवेन तसा ब्रश मारत होता. तीन टायर झाल्यावर मी म्हणालो, "हार्लन, त्या दिवशी रेडिओवर मी होतो. मी तुला ये म्हणालो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुझा आवाज ओळखतो मी." ब्रश डब्यात बुडवला, कडेला पुसला. "ती बाई नऊ दिवसांत आली. तुला वर्ष लागलं. फिरव तो टायर."

मी टायर फिरवला. त्यापेक्षा जास्त तो कधीच काही बोलला नाही. पुढे मात्र दर जूनमध्ये तो येत राहिला, रस्त्याने, रंगाचे डबे घेऊन. त्याने ग्राशीला माफ केलं की नाही हे मला ठाऊक नाही. ग्राशीने कधी विचारलं नाही.

पुढच्या बारा वर्षांत कार्व्हरवर कुणी पालथं पडलं नाही. चाकं रुतली, एकाचा पंखा वाकला, एकाला धुळीच्या भोवऱ्याने बाजूला ढकललं. तलाव काही बदलला नव्हता.

शेवटी एक सांगतो. दोन हजार तीनच्या मे महिन्यात पंचवीस विमानांचा मेळावा कार्व्हरवर ठरला होता. आठवडाभर आधी डोंगरात एकच मोठी सर पडली. शनिवारी ग्राशीने दोनदा तलाव पाहिला. तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती. पहार सगळीकडे अडीच-तीन बोटं रुतत होती. ठीक म्हणावं तर ठीक, नाही म्हणावं तर नाही. तिने फुली पसरली आणि सगळ्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. मेळावा शंभर मैलांवरच्या डांबरी धावपट्टीवर झाला, आणि तिथे त्यांना थंड सँडविच खावे लागले.

रविवारी ब्रेट डॉयल नावाचा तरुण वैमानिक खास मोटारीने तिच्याकडे आला. त्याने येताना गाडी तलावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवली होती. पडवीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "आजी, माझी गाडी आरामात गेली. तुम्ही पंचवीस जणांचा दिवस उगाच घालवलात."

"तुझी गाडी गेली. बरं झालं," ग्राशी म्हणाली.

"म्हणजे विमानंही उतरली असती!"

"उतरली असती कदाचित."

"मग?"

"मला खात्री नव्हती."

तो वाट बघत उभा राहिला, ती आणखी काही सांगेल, काही कारण देईल म्हणून. तिने काही सांगितलं नाही. मी शेजारीच बसलो होतो. त्याच्यासारखाच मीही विचार करत होतो की खरंच, कदाचित उतरली असती. आजही मला ते माहीत नाही, आणि आता कळायचा काही मार्ग नाही.

"जेवलास का?" तिने त्याला विचारलं.

"नाही."

"मग आत ये. बूट बाहेर काढ, चिखल आहे त्यांना."